वृद्ध कुत्र्याची अखेरची शुश्रूषा

बरा न होणारा आजार जडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचे शेवटचे महिने कमीत कमी त्रासात जावेत म्हणून पशुवैद्याच्या सल्ल्याने घरी केली जाणारी देखभाल. मोठ्या जातींत सातव्या-आठव्या वर्षी, लहान जातींत दहाव्या-अकराव्या वर्षी वार्धक्य सुरू होते. सांध्यांची झीज, मूत्रपिंडांचा जुनाट आजार, हृदयाच्या झडपेचा बिघाड (विशेषतः लहान जातींत), कर्करोग आणि बुद्धिभ्रंश ही नेहमीची दुखणी.

दुखते म्हणून कुत्रे कण्हेलच असे नाही. रात्री विनाकारण धापा टाकणे, एकच जागा चाटत राहणे, बसायला घिरट्या घालून पुन्हा उभे राहणे, जिन्यापाशी थबकणे ही वेदनेची लक्षणे आहेत. ‘वय झालं, मंदावलाय’ असे घरचे म्हणतात तेव्हा पुष्कळदा सांधे दुखत असतात. मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, गॅबापेन्टिन या वेदना कमी करणाऱ्या औषधांची मात्रा पशुवैद्य वजन आणि रक्ततपासणी पाहून ठरवतो. घरातल्या औषधांच्या डब्याला मात्र हात लावू नये. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक या माणसांच्या वेदनाशामकांनी जठरात व्रण पडून रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. माणसांच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असतो, तोही कुत्र्याला विषारी.

गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकून पडलेले कुत्रे पुढे चालायलाच घाबरते. अंथरूण, पाणी आणि दार यांना जोडणारी रबरी मॅटची वाट करावी, नखे कापावीत, पंजाच्या गाद्यांमधले केस छाटावेत. उठवताना पोटाखालून टॉवेल घालून मागचा भार उचलावा, पाय ओढू नयेत. पडून असलेल्याला चार-चार तासांनी कूस बदलून द्यावी आणि खाली जाड फोम घालावा. नाहीतर कोपर व खुब्याच्या हाडांवर जखमा होतात. लघवीने ओले राहणारे केस कापून कातडी कोमट पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करून व्हॅसलिन लावावे. पावसाळ्यात यात एका दिवसाचीही हयगय चालत नाही: माशी बसली की अळ्या पडतात, आणि शेपटीखाली किंवा मांडीच्या आत त्या वास येईपर्यंत दिसत नाहीत.

अन्न कोमट केले की वास सुटतो आणि भूक चाळवते. कांदा-लसूण वर्ज्य, मनुकाही. अंगातले पाणी कमी झाले आहे का हे कातडी चिमटीत उचलून पाहतात, पण म्हाताऱ्या कातडीचा ताण आधीच गेलेला असल्याने ही परीक्षा फसवते. हिरडीला बोट लावून ती चिकट लागते का पाहावे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पशुवैद्याने सांगितल्यास कातडीखाली रिंगर लॅक्टेट (क्षारांचे सलाइन) देता येते. बाटली कोमट पाण्यात ठेवून उंच टांगावी, खांद्यांमधली सैल कातडी तंबूसारखी उचलून तिच्या तळाशी १८ किंवा २० गेजची सुई घालावी. केस ओले झाले तर सुई आरपार गेली आहे. पाण्याचा फुगा नंतर पुढच्या पायाकडे उतरतो, त्याला घाबरू नये. काही तासांत तो जिरतो. ग्लुकोजचे सलाइन असे देत नाहीत. हृदयविकारात सलाइनमुळे फुप्फुसात पाणी साचण्याचा धोका असतो. अशा कुत्र्याचे झोपेतले श्वास रोज मोजावेत. ते वारंवार मिनिटाला ३० च्या वर गेले तर लगेच फोन करावा.

केव्हा थांबावे यासाठी अमेरिकी पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी वापरतात. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस या सात बाबींना प्रत्येकी ० ते १० गुण, १० म्हणजे उत्तम स्थिती (वेदनेच्या बाबतीत वेदना आटोक्यात). बेरीज ३५ च्या वर असेपर्यंत शुश्रूषा चालू ठेवणे योग्य मानतात. गुण कॅलेंडरवर रोज लिहावेत, कारण एखाद्या चांगल्या संध्याकाळी आधीचा आठवडा विसरला जातो.

दयामरणात आधी गुंगीचे इंजेक्शन देऊन मग शिरेतून भुलीच्या औषधाची जादा मात्रा देतात. हृदय थांबल्यावरही एखाददुसरा श्वासासारखा झटका येतो, लघवी सुटते, डोळे उघडे राहतात. घरच्यांना हे आधीच सांगावे. अंगाखाली जुनी चादर घालावी.