काकडीचे वाफे, छापील रकाने आणि वसंताच्या तारखा

खेड्यातल्या बागेत बसून हवामान आणि ऋतू टिपून ठेवण्याची इंग्रजी परंपरा निसर्गप्रेमातून आली, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. सुरुवातीच्या वह्या उघडल्या तर प्रेमापेक्षा हिशेब जास्त दिसतो: किती गाड्या शेणखत, कुठल्या दिवशी पेरणी, काकडी कधी निघाली, दहिवराने काय जाळलं.

नॉर्फकमधल्या स्ट्रॅटन स्ट्रॉलेस गावचा जमीनदार रॉबर्ट मार्शम याला इमारती लाकडाची झाडं वाढवण्याचं वेड होतं. तो झाडांच्या बुंध्यांचा घेर वर्षानुवर्षं मोजायचा. बुंधा धुऊन, घासून काढला तर झाड जोमाने वाढतं असा त्याचा दावा होता आणि त्यावर त्याने रॉयल सोसायटीला निबंधही पाठवला होता. याच मार्शमने १७३६ पासून वसंताच्या खुणा लिहायला घेतल्या. स्नोड्रॉपचं पहिलं फूल, ओकची पहिली पालवी, पहिली भिंगरी, कुकूची पहिली साद, बेडकांचं डराव डराव, अशा एकूण २७ खुणा. १७८९ मध्ये त्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आल्या. १७९७ मध्ये तो वारला, पण घराण्याने वही मिटली नाही. मधल्या काही खंडांसह १९५८ पर्यंत मार्शमांच्या पुढच्या पिढ्या त्याच खुणा लिहीत राहिल्या. या नोंदी वापरताना एक मेख लक्षात ठेवावी लागते. इंग्लंडने १७५२ च्या सप्टेंबरात पंचांग बदललं आणि ११ दिवस गाळले. त्याआधीच्या तारखा तेवढ्या पुढे सरकवल्या नाहीत, तर जुना वसंत उगाच लवकर आल्यासारखा वाटतो.

या परंपरेतलं सगळ्यांत गाजलेलं नाव मात्र गिल्बर्ट व्हाइटचं. हँपशरमधल्या सेल्बोर्न गावचा हा पाद्री. त्याची पहिली वही १७५१ ची आणि ती निव्वळ बागेची होती. थंड हवेत काकडी आणि खरबूज काढायचं म्हणजे कुजणाऱ्या शेणखताच्या उबेवर वाफे करायचे आणि वर काचा झाकायच्या. ऊब कमी पडली तर रोप बसतं, जास्त झाली तर मुळं भाजतात. असला उद्योग करणाऱ्याला हवेकडे लक्ष ठेवावंच लागतं.

व्हाइटच्या नोंदींना खरं वळण लागलं ते डेन्स बॅरिंग्टन या न्यायाधीशामुळे. बॅरिंग्टनने छापील नोंदवही तयार केली, प्रकाशक होता व्हाइटचाच भाऊ बेंजामिन. तापमान, वायुभार, वारा, पाऊस, पालवी, फुलं, पक्षी-किडे आणि शेवटी संकीर्ण, असे तीत रकाने होते. १७६८ पासून १७९३ मध्ये मरेपर्यंत व्हाइट त्या रकान्यांत लिहीत राहिला. माझ्या मते या सगळ्या इतिहासात त्या छापील पानाइतकं महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही. कोऱ्या वहीत माणूस त्याला आवडेल तेच लिहितो. रिकामा रकाना मात्र रोज जाब विचारतो. व्हाइट परगावी गेला की त्याचा माळी थॉमस होअर नोंदी सांभाळायचा. कीर्ती धन्याला मिळाली, हे वेगळं सांगायला नको.

या शिस्तीचं फळ १७८४ च्या डिसेंबरात दिसलं. थंडी इतकी वाढली की व्हाइटकडच्या एका तापमापकातला पारा आखणीच्या खाली उतरून पितळी आवरणात दिसेनासा झाला. १० डिसेंबरच्या रात्री ११ वाजता दुसऱ्या तापमापकाने शून्याखाली एक अंश फॅरनहाइट दाखवलं, म्हणजे उणे १८ सेल्सिअसच्या आसपास. मग दोनेकशे फूट उंचावरच्या न्यूटन गावात काय हाल असतील, या कुतूहलापोटी त्याने तिथल्या ओळखीच्या गृहस्थांना तापमापक बाहेर टांगायला सांगितलं होतं. तिथे त्याच वेळी पारा १७ अंश फॅरनहाइटवर होता. उंचावर थंडी कमी? व्हाइटचा विश्वास बसेना. तिथलं उपकरणच बिघडलं असेल म्हणून त्याने आपला एक तापमापक वर पाठवला. दोन्ही शेजारी ठेवले, तर आकडे तंतोतंत सारखे. शेवटचा पुरावा झाडांनी दिला: सेल्बोर्नमध्ये त्याचं लॉरेलचं देखणं कुंपण करपून गेलं आणि न्यूटनला त्याच जातीच्या झाडांचं पानही गळलं नाही.

निरभ्र, निवांत रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि सखल भागात साचते, हे त्यामागचं कारण. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. थंडीच्या लाटेत बागेत शेकोट्या पेटवून तो याच साचलेल्या हवेशी झगडत असतो.

त्या थंडीच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात व्हाइटच्या वहीत आणखी एक विलक्षण नोंद आहे. २३ जून ते २० जुलै १७८३ या दिवसांत सगळीकडे धुरकट धुकं होतं, भर दुपारचा सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा निस्तेज दिसत होता आणि कापलेलं मांस दुसऱ्या दिवशी खाववत नव्हतं. आइसलंडमध्ये ८ जूनला लाकी इथे जमीन फाटून लाव्हा आणि गंधकाचे वायू बाहेर पडू लागले होते, त्यांचा हा परिणाम. सेल्बोर्नमध्ये बसलेल्या व्हाइटला ते कळणं शक्य नव्हतं. त्याने फक्त तारखा नेमक्या लिहिल्या.

पावसाचं प्रकरण मात्र बराच काळ घोटाळ्यात होतं. व्हाइट १७७९ पासून पाऊस मोजू लागला. १७८२ मध्ये सेल्बोर्नला ५० इंचांवर पाऊस झाला, त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षी तिशीच्या घरात. असे आकडे दुसऱ्या गावाशी ताडून बघायचे, तर भांडं कुठे ठेवलं होतं हे आधी विचारावं लागे. विल्यम हेबरडन या डॉक्टरने १७६९ मध्ये दाखवून दिलं होतं की लंडनमध्ये जमिनीजवळच्या भांड्यात वर्षभरात २२ इंचांहून अधिक पाऊस जमतो, घराच्या छपरावर १८ आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या उंच छपरावर जेमतेम १२. लोकांनी यावर नाना तर्क लढवले. १८६१ मध्ये विल्यम स्टॅनली जेव्हन्सने (अर्थशास्त्रज्ञ म्हणून पुढे नावारूपाला आलेला तोच हा) खरा चोर पकडला: वारा. उंचावर भांड्याच्या काठाभोवती वाऱ्याचा जोर वाढतो आणि थेंब आत न पडता उडून जातात.

जॉर्ज जेम्स सायमन्सने १८६० मध्ये ब्रिटनभरातल्या पावसाचे आकडे गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्याकडे १६८ ठिकाणं होती. १९०० मध्ये तो गेला तेव्हा ती तीन हजारांवर होती. मोजणारे बहुतेक हौशी: पाद्री, डॉक्टर, बागा बाळगणारे लोक. सायमन्सने त्यांना सारख्या पद्धतीने, ठरलेल्या वेळी मोजायची सवय लावली. त्याच्या नावाचा पर्जन्यमापक आपल्याकडेही आला आणि टिकला. १२.७ सेंटिमीटर व्यासाचं तोंड, काठ जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर, मोजणी सकाळी साडेआठला. शेतकी शिकलेल्या प्रत्येकाने ही मापं कधी ना कधी पाठ केलेली असतात.

फुलापानांच्या तारखांसाठी तसंच देशव्यापी जाळं रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीने १८७५ मध्ये उभं केलं. त्याच्या प्रमुखांपैकी एडवर्ड मॉली हा गुलाबाचा नामांकित बागायतदार होता, म्हणजे पुन्हा बागेचाच माणूस. १९४८ मध्ये हे काम बंद पडलं. उपकरणांनी मोजलेल्या आकड्यांपुढे ‘अमुक फूल तमुक तारखेला उमललं’ ही नोंद पोरकट वाटण्याचा तो काळ. गंमत अशी की आदल्याच वर्षी सरेमधल्या जीन कोम्ब्स हिने ओक, अ‍ॅश वगैरे झाडांच्या पालवीच्या तारखा लिहायला सुरुवात केली होती आणि पुढे कित्येक दशकं ती लिहीत राहिली. टिम स्पार्क्स या संशोधकाने १९९८ मध्ये ते जुनं जाळं पुन्हा विणायला घेतलं, २००० मध्ये वुडलँड ट्रस्ट ही झाडं-जंगलं जपणारी संस्था सोबत आली. तोवर हवामानबदलाचा प्रश्न ऐरणीवर आला होता आणि या वह्यांना अचानक भाव आला.

२०२२ मध्ये उल्फ ब्युंटगेन आणि सहकाऱ्यांनी १७५३ पासूनच्या ब्रिटनमधल्या चार लाखांहून अधिक नोंदी एकत्र तपासल्या. ४०६ जातींच्या पहिल्या फुलाची सरासरी तारीख १९८६ पर्यंत मे महिन्याच्या मध्याजवळ होती, १९८७ ते २०१९ या काळात ती एप्रिलच्या मध्यावर आली. जवळजवळ एक महिना! अर्थात पहिल्या फुलाची तारीख हे हळवं माप आहे. बघणारे डोळे वाढले की पहिलं फूल आधी सापडतं, आणि बघणारा आठवडाभर गावाला गेला की उशिरा. म्हणून अभ्यासक एकट्या वहीवर विसंबत नाहीत. शेकडो ठिकाणच्या नोंदी जोडून, महिनावार तापमानाच्या मालिकेशी ताडूनच असा निष्कर्ष काढतात.

फूल लवकर आलं तरी उशिराचं दहिवर टळतंच असं नाही. २०१७ च्या एप्रिलअखेरीस इंग्लंडमध्ये कडक दहिवर पडलं. द्राक्षवेलींचे कोवळे कोंब तोवर फुटलेले होते, ते अनेक मळ्यांत एका रात्रीत काळे पडले.