एलडीएल ४२ आलं म्हणून गोळी बंद?

इंदुरात राजवाड्याजवळ पोहे-जिलबी खाताना एक वाक्य हमखास कानी पडतं: "कोलेस्टेरॉल फार उतरलं की मेंदू सुकतो. गोळी सोडा, तूप खा." आमच्या काकांनी ते इतकं मनावर घेतलं, की रिपोर्टात एलडीएल, म्हणजे 'वाईट' समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, ४२ (मिग्रॅ/डेसिलिटर) दिसताच स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी परस्पर बंद!

मेंदूला कोलेस्टेरॉल भरपूर लागतं, हे खरंच. पण ते तो स्वतःच तयार करतो; रक्तातलं कोलेस्टेरॉल तिथे जवळजवळ शिरतच नाही. नवजात बाळाचं एलडीएल तर ३०च्या आसपास असतं, आणि मेंदू झपाट्याने वाढतो तो त्याच काळात. २०१७ च्या एबिंगहॉस नावाच्या औषध-चाचणीत इव्होलोक्युमॅब इंजेक्शनने एलडीएल बरंच खाली आणलं, तरी स्मरणशक्तीला धक्का लागलेला दिसला नाही.

मग ही आवई उठली कुठून? काही जुन्या पाहण्यांत कमी कोलेस्टेरॉलवाल्यांचे मृत्यू जास्त दिसले होते. पण पुष्कळदा आजार आधी असतो, आकडा नंतर पडतो. कुपोषण, यकृताचे विकार, कर्करोग, थायरॉइड ग्रंथीचं अतिकाम (हायपरथायरॉइडिझम), यांत कोलेस्टेरॉल आपसूक उतरतं. गोळी नसताना ते अचानक घसरलं, वजनही घटलं, तर तपासणी हवीच.

मेंदूतल्या रक्तस्रावाची शंका मात्र अगदीच पोकळ नाही. काही अभ्यासांत एलडीएल ७०खाली असणाऱ्यांत तो थोडा अधिक आढळला. आधी तसा झटका आलेल्यांनी, रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी डॉक्टरांशी बोलावं.

काकांची गोळी पुन्हा सुरू झाली. जिलबीवर तह व्हायचाय.