सन्मानाने मरण्याचा हक्क आणि बेळगावचा सीमाभाग : पार्श्वभूमी

३० जानेवारी २०२५ रोजी कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने एक परिपत्रक काढले. बरे होण्याची आशा उरलेली नाही अशा रुग्णाचे व्हेंटिलेटर, डायलिसिस यांसारखे उपचार थांबवायचे असतील तर काय करायचे, याची पद्धत त्यात ठरवून दिली आहे. हे इच्छामरण नव्हे, असे आरोग्यमंत्र्यांनी त्याच वेळी सांगितले होते. तरीही चर्चा इच्छामरणाचीच झाली. बातम्यांमध्ये दावणगेरेच्या एका निवृत्त शिक्षिकेचे नाव पुढे आले, कारण दुखणी अंगावर काढत त्यांनी या हक्कासाठी कित्येक वर्षे अर्ज-विनंत्या केल्या होत्या. विषारी इंजेक्शन देऊन वेदनेतून सोडवणे हा भारतात आजही गुन्हाच आहे. नेदरलँड्समध्ये २००२ पासून जे कायद्याने करता येते, त्याच्या जवळपासही आपला कायदा गेलेला नाही.

बेळगावच्या सीमाभागाला अन्नत्यागाने येणारे मरण नवे नाही. चिकोडी, निपाणी, अथणी पट्ट्यातल्या जैन शेतकरी घरांत सल्लेखना, म्हणजे अन्नत्यागाचे व्रत, घेतलेल्या आजी-आजोबांच्या आठवणी सांगितल्या जातात. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरा पुन्हा उभी करणारे आचार्य शांतिसागर मूळचे निपाणीजवळच्या भोज गावचे. त्यांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला देह ठेवला. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थानच्या उच्च न्यायालयाने या व्रताला आत्महत्या ठरवले, तेव्हा जैन समाज देशभर रस्त्यावर उतरला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मराठी मुलखाने १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमातले विनोबांचे प्रायोपवेशनही पाहिले आहे. पण व्रत घेणारा माणूस शुद्धीवर असतो आणि निर्णय त्याचा स्वतःचा असतो. अतिदक्षता विभागात नळ्या लावून निपचित पडलेल्या माणसाला बोलताच येत नाही. दोन्ही गोष्टी एका तागडीत घातल्या की वाद भलतीकडेच जातो, आणि व्रताची बदनामी होते ती वेगळीच.

कायद्याच्या अंगाने सीमारेषा पहिल्यांदा जाणवली ती १९८६ मध्ये. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. प्रकरण मुंबई पोलिसांतल्या एका शिपायाचे होते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. त्या दिवशी ते म्हैसूर राज्यात गेले नसते, तर हा निकाल इथेही लागू झाला असता. पुढच्याच वर्षी आंध्रच्या न्यायालयाने उलटा निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये मुंबईची बाजू उचलली आणि १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती खोडून काढली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे त्या पीठाने म्हटले. मात्र मरण उंबरठ्यावर आलेल्या माणसाच्या सन्मानाचा मुद्दा त्याच निकालात मोकळा राहिला, आणि पुढचे सगळे त्यातूनच उगवले.

२०११ चा अरुणा शानबाग प्रकरणाचा निकाल वाचकांना ठाऊक आहे. उत्तर कन्नडातल्या हळदीपूरची परिचारिका, परळचे रुग्णालय, १९७३ चा हल्ला, आणि त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ तिची सेवा करणाऱ्या परिचारिका. त्या तिला जगवू पाहत होत्या आणि न्यायालयाने त्यांचेच म्हणणे धरले. उपचार थांबवण्याची वाट तत्त्वतः उघडली गेली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीखेरीज नाही. २०१५ च्या मे महिन्यात ती न्युमोनियाने गेली.

मुख्य निकाल आला ९ मार्च २०१८ रोजी. आपण बोलू शकणार नाही अशा अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क पाच न्यायाधीशांच्या पीठाने मान्य केला. यालाच आता सगळे लिव्हिंग विल म्हणतात. हक्क मिळाला, पण तो वापरण्याची वाट इतकी अवघड करून ठेवली की पाच वर्षे तो कागदावरच राहिला. लिव्हिंग विलवर दोन साक्षीदारांबरोबर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचीही सही हवी. पुढे वेळ आली की रुग्णालयाने डॉक्टरांचे मंडळ नेमायचे आणि त्यातले तज्ज्ञ वीस वर्षांच्या अनुभवाचे हवेत. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी दुसरे मंडळ नेमायचे. त्याचाही होकार आला की दंडाधिकाऱ्यांनी स्वतः रुग्णाच्या खाटेपाशी येऊन खात्री करायची. गैरवापराची भीती खरी होती, शेतीवाडीसाठी म्हाताऱ्याच्या मरणाची वाट पाहणारे लोक आपल्याकडे नाहीत असे नाही. पण गावाकडच्या घराला ही पायरी चढणे अशक्य होते. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या एखाद्या वाडीतून आलेल्या मुलाने आईला आयसीयूत ठेवून कोर्टाच्या आणि कलेक्टर ऑफिसच्या चकरा मारायच्या, असा त्याचा अर्थ होता.

मग लोक काय करत होते? जे आधीपासून करत आले तेच. डॉक्टर बाजूला घेऊन सांगतात, 'आता घरी न्या, सेवा करा.' नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज लिहून देतात. रुग्णवाहिका कागलहून कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणीकडे निघते, किंवा मिरजेहून अथणीकडे. पुष्कळदा घरी पोहोचेपर्यंत सगळे आटोपलेले असते. या रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या मरणाला कुठले मंडळ नसते, कुठली नोंद नसते, आणि वेदनेवर औषधही नसते. उपचार थांबवण्याच्या बाजूने आणि विरुद्ध भांडणाऱ्यांनी या रस्त्याकडे फार कमी पाहिले आहे, याची खंत वाटते. पैसा संपला म्हणून थांबवलेले उपचार आणि रुग्णाची इच्छा म्हणून थांबवलेले उपचार हे दोन्ही त्या डिस्चार्जच्या कागदावर सारखेच दिसतात.

औषधाची गोष्टही सीमेशी जोडलेली आहे. कॅन्सरच्या शेवटच्या दुखण्यावर मॉर्फिन लागते. अमली पदार्थांच्या कायद्याखाली प्रत्येक राज्याचे परवाने वेगळे होते आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ते न्यायचे तर दोन्हीकडची परवानगी लागे. २०१४ च्या दुरुस्तीने देशभर एकच पद्धत आली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयाला एकच मंजुरी पुरेशी झाली. तरी ते ठेवायला अनेक रुग्णालये कचरतात. वेदनाशमन हाताशी नसलेल्या घराला इच्छामरणाचे स्वातंत्र्य देणे म्हणजे काय, हा विरोधकांचा प्रश्न मला बिनतोड वाटतो. पण त्याचे उत्तर मॉर्फिन गावापर्यंत पोहोचवणे हे आहे. यंत्रावर आठवडे काढायला लावणे हे नव्हे.

२४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ ची अट सैल केली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. तज्ज्ञांचा अनुभव पाच वर्षांवर आला. जिल्हाधिकारी गेले, दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या आरोग्याधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आला. मंडळांनी शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यायचा. दंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचे. कर्नाटकाचे परिपत्रक म्हणजे याच निकालाची अंमलबजावणी.

या निकालात एक कलम आहे, ज्याकडे बेंगळुरू किंवा मुंबईच्या माणसाचे लक्ष जाणार नाही. लिव्हिंग विलची प्रत स्थानिक संस्थेच्या, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची आणि त्याने ती सांभाळायला माणूस नेमायचा. वेळ आली की उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्याकडून किंवा डिजिटल आरोग्य नोंदीतून ती खरी असल्याची खात्री करून घ्यायची. महाराष्ट्रात यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि ठिकठिकाणी असे अभिरक्षक नेमले गेले. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या एका न्यायाधीशांनीच पहिली लिव्हिंग विल नोंदवली. आता सीमाभागातला माणूस घ्या. राहायला निपाणी तालुक्यात, उपचार कोल्हापूरला किंवा मिरजेला, कधी गोव्यात बांबोळीला. त्याची लिव्हिंग विल कर्नाटकातल्या पंचायतीत. दुसऱ्या मंडळातला डॉक्टर नेमणार तो रुग्णालय ज्या जिल्ह्यात आहे तिथला अधिकारी, म्हणजे महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल देशभर बांधील आहे, त्यामुळे कागद पलीकडे चालतो याबद्दल शंका नको. प्रश्न रात्री अकरा वाजता मिरजेच्या डॉक्टरांनी कर्नाटकातल्या कुठल्या कार्यालयाला विचारायचे हा आहे, आणि त्याचे उत्तर या मार्गदर्शक सूचनांत नाही.

मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येते. रुग्ण बेळगावात असेल तर धारवाड खंडपीठ. कोल्हापूर-सांगलीत असेल तर २०२५ च्या ऑगस्टपासून कोल्हापूरचे सर्किट बेंच, त्याआधी थेट मुंबई.

भाषेचाही अडसर आहे. इथल्या मराठी घरांतली साठीपुढची पिढी बहुतेक मराठी शाळेत शिकलेली. ती स्वतःच्या मरणाबद्दल लिहील ते मराठीतच लिहील, आणि तसेच लिहावे. कार्यालयांचे कामकाज मात्र कन्नडमध्ये चालते. एखाद्या भागात १५ टक्क्यांहून अधिक भाषिक अल्पसंख्याक असतील तर सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्यावेत, हे तत्त्व जुने आहे. घराच्या उताऱ्यासाठी आणि मतदार यादीसाठी ते वर्षानुवर्षे मागितले जाते. 'मला व्हेंटिलेटर लावू नका' हे वाक्य न कळणाऱ्या माणसाच्या ताब्यात राहणे त्याहून गंभीर आहे.

त्याच २०२३ साली महाराष्ट्राने आपली जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले आणि कर्नाटकाने त्याला विरोध केला. त्या वादात दोन्हीकडचे लोक उपचार कोण देणार यावर तावातावाने बोलले. उपचार कधी थांबवायचे आणि ते कुणी ठरवायचे, यावर कुणी बोलल्याचे आठवत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये याच विषयावर मसुदा काढून हरकती मागवल्या होत्या, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांकडून नाराजी आली. त्यांच्या मते हा निर्णय आजही रोज खाटेपाशी घेतला जातो, आणि नियमांमुळे डॉक्टर उगाच धास्तावतील. परिपत्रकाप्रमाणे बेळगावच्या जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांनी दुसऱ्या मंडळासाठी डॉक्टर नेमायचा आहे. मराठीतला नमुना अर्ज आणि सीमेपलीकडच्या रुग्णालयांना विचारता येईल असा एक फोन नंबर, एवढे दोन जिल्ह्यांचे अधिकारी एका बैठकीत ठरवू शकतील. त्यासाठी सीमाप्रश्नाच्या खटल्याचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही.