डब्यावरचे नियम आले कुठून?

वर्षाच्या सुरुवातीला शाळेकडून पालकांना सूचनापत्र येतं. गणवेश, वेळा, फी यांच्या जोडीला त्यात आता अनेक ठिकाणी डब्याचाही परिच्छेद असतो. चिप्स नकोत, चॉकलेट नको, शीतपेय नको, शेंगदाणे किंवा सुकामेवा घातलेलं काही नको, प्लॅस्टिकच्या वेष्टनातलं नको. एका दमात वाचलं की वाटतं, हे सगळं एकाच काळजीतून आलं असावं. तसं नाही. यातला प्रत्येक 'नको' वेगळ्या काळात, वेगळ्या भीतीपोटी आला आहे. आणि कायद्याचा आधार त्यातल्या फारच थोड्यांना आहे. सरकारांनी कायदे केले ते शाळेत शिजणाऱ्या किंवा विकल्या जाणाऱ्या अन्नासाठी. घरून येणाऱ्या डब्याशी पोचल्यावर कायदा बहुतेक देशांत थबकला आणि पुढचं सगळं मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडलं. आजच्या वादांचं मूळ बरंचसं इथे आहे.

मुलांनी शाळेत काय खावं-प्यावं यात सरकारने हात घातला तो सुरुवातीला लठ्ठपणामुळे नव्हे. फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरही कित्येक मुलं पाव-चीजच्या जोडीला टोपलीत वाइनची, बिअरची नाहीतर सायडरची बाटली घेऊन शाळेत येत. आईवडिलांच्या लेखी ती पौष्टिक पेयं होती. पंतप्रधान प्येर मेंदेस-फ्रान्स यांनी १९५४ साली शाळांमधून दुधाचा पेला सुरू केला, त्यावरून त्यांची थट्टाही पुष्कळ झाली. १९५६ मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळेच्या भोजनगृहात मद्य देणं बंद झालं. मोठ्या विद्यार्थ्यांसाठी हे व्हायला १९८१ उजाडलं. एका चॉकलेटवरून आज होणारी रुसवाफुगवी पाहिली की हा तपशील आठवतो.

डब्याची खरीखुरी झडती मात्र दक्षिण कोरियात झाली. कारण होतं तांदूळ. पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत देशाला पुरेल इतका तांदूळ पिकत नव्हता, म्हणून भातात बार्लीसारखी धान्यं मिसळा आणि गव्हाचे पदार्थ जास्त खा, अशी मोहीम साठच्या दशकात सुरू झाली. उपाहारगृहांवर आठवड्यातून दोन दिवस दुपारी भात विकायला बंदी आली. पण घरातल्या चुलीपर्यंत सरकार कसं पोचणार? ते पोचलं शाळेच्या वाटेने. मधल्या सुट्टीत मुलं झाकणं उघडून बसत आणि शिक्षक बाकांमधून फिरत भातात बार्ली पुरेशी आहे का ते बघत. निव्वळ पांढरा भात दिसला की नाव टिपलं जाई, शिक्षा होई. मुलांनीही तोड काढली. खाली पांढरा भात आणि वर बार्लीचा पातळ थर. ज्याच्या घरी तेवढंही जमलं नाही, तो शेजाऱ्याकडून चार दाणे उसने घेऊन भातावर पेरी. मग शिक्षक डबा उकरून पाहू लागले. पुढे 'थोंगिल' या जास्त उत्पन्नाच्या वाणामुळे कोठारं भरली, १९७७ च्या सुमारास निर्बंध सैल झाले आणि ही तपासणी मागे पडली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की तपासणीचा मुलाच्या तब्येतीशी मुळात संबंध नव्हता. बार्ली आरोग्याला चांगली, हेही सांगितलं गेलं, पण ती पुरवणी होती. स्वयंपाकघराला लावायचा नियम मुलाच्या हाती देऊन घरी पाठवायचा, ही युक्ती मात्र पुढच्या सगळ्या नियमांत दिसते.

ब्रिटनची कथा वेगळ्या अंगाने जाते. तिथे शाळेच्या जेवणाची सुरुवात लष्कराच्या चिंतेतून झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी भरतीला आलेले तरुण इतके अशक्त निघाले की सरकारने चौकशी समिती नेमली, आणि १९०६ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना गरीब मुलांना जेवण देण्याची मुभा मिळाली. १९४१ मध्ये या जेवणाला पोषणाचे निकष लागले. १९४४ च्या शिक्षण कायद्याने मुभेचं कर्तव्य झालं. त्या व्यवस्थेत घरचा डबा हा अपवादच राहिला.

तो अपवाद राहिला नाही, याचं श्रेय म्हणा किंवा खापर म्हणा, १९८० च्या शिक्षण कायद्याकडे जातं. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने खर्च वाचवण्यासाठी पोषणाचे निकष काढून टाकले आणि सर्वांना जेवण देण्याचं बंधनही काढलं. मोफत जेवणाचा हक्क असलेल्या मुलांना ते द्यायचं, बाकीच्यांनी घरून आणलं तर बसून खायला सोय करायची, एवढंच उरलं. परिणाम दोन्ही बाजूंनी झाला. कँटीन ठेकेदारांकडे गेली आणि तळलेल्या पदार्थांनी भरली. दुसरीकडे घरोघरी डबे भरले जाऊ लागले, आणि पुड्यांमध्ये बंद, एकेका मुलापुरता खाऊ बनवणाऱ्या कंपन्यांना आयतं गिऱ्हाईक मिळालं. आज ज्या चिप्सच्या छोट्या पाकिटांवर बंदी घालतात, ती डब्यात आली ती अशी, धोरणाच्या वाटेने. पालक अचानक निष्काळजी झाले म्हणून नव्हे.

मग २००५ साल आलं. जेमी ऑलिव्हर या स्वयंपाक्याने टीव्हीवरच्या मालिकेतून शाळांच्या जेवणाची लक्तरं वेशीवर टांगली. पावणेतीन लाखांच्या आसपास सह्यांचं निवेदन गेलं, टोनी ब्लेअर सरकारने २८ कोटी पौंडांची घोषणा केली आणि पुढच्या वर्षापासून कँटीनला कडक निकष लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं मात्र झालं नाही. सप्टेंबर २००६ मध्ये रॉदरहॅमजवळच्या रॉमार्श इथे काही आया शाळेच्या कुंपणापाशी येऊन मुलांच्या ऑर्डरी घेऊ लागल्या आणि गजांमधून बर्गर-चिप्स आत पोचवू लागल्या. देशभर त्यांची टिंगल झाली. पण मुलाने काय खावं हे ठरवणारे तुम्ही कोण, हा त्यांचा सवाल आजही कुठल्याही पालकसभेत ऐकू येतो, भाषा जरा सभ्य असते इतकंच.

त्याच वर्षी लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी प्राथमिक शाळांतले डबे उघडून पाहिले. कँटीनला लागू असलेले सगळे निकष पूर्ण करणारे डबे निघाले जेमतेम १ टक्का. हा आकडा डब्यावरच्या नियमांच्या इतिहासात फार वापरला गेला. कँटीन सुधारायची आणि शेजारच्या टेबलावर डब्यात काहीही चालवून घ्यायचं, हे विसंगत दिसू लागलं आणि शाळाशाळांतून डब्याची धोरणं लिहिली जाऊ लागली. २०१३ मध्ये हेन्री डिंबलबी आणि जॉन व्हिन्सेंट यांनी सरकारसाठी तयार केलेल्या आराखड्यात तर मुख्याध्यापकांनी हवं तर डबेच बंद करावेत, असंही सुचवलं. त्यात हिशेबाचाही भाग होता. निम्म्याहून जास्त मुलं कँटीनमध्ये जेवत नव्हती, आणि ताटं कमी म्हणजे प्रत्येक ताट महाग. डब्यावरच्या बंदीत कधीकधी कँटीनचा ताळेबंदही दडलेला असतो, हे पालकांना सहसा सांगितलं जात नाही.

इंग्लंडमध्ये २०१५ पासून लागू असलेले निकष शाळेत दिल्या जाणाऱ्या सगळ्या अन्नाला लागतात, अगदी संध्याकाळी सहापर्यंत. डब्याला लागत नाहीत. अमेरिकेतही तसंच. तिथे १९४६ च्या कायद्याने शालेय भोजन उभं राहिलं, २०१० च्या कायद्याने त्याचे निकष कडक झाले, २०१४ पासून शाळेत विकल्या जाणाऱ्या खाऊलाही मर्यादा आल्या, पण घरून आणलेलं त्यातून बाहेर. भारतात एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केलेले नियमही शाळेच्या आवारातल्या आणि फाटकापासून ५० मीटरच्या आतल्या विक्रीबद्दल आहेत, डब्याबद्दल नाहीत.

ही पोकळी मग कोणीतरी आपल्या समजुतीने भरतं. शिकागोच्या लिटल व्हिलेज अकॅडमीत मुख्याध्यापिकेने घरचा डबाच बंद केला होता, वैद्यकीय कारण असेल तर तेवढी सूट. सहलीला मुलं शीतपेयं आणि तिखट चिप्स घेऊन येतात हे पाहून त्यांनी तसं ठरवलं. २०११ मध्ये बातमी छापून आली आणि वादाचा भडका उडाला. पुढच्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनात चार वर्षांच्या मुलीचा डबा गाजला. तिथल्या पूर्वप्राथमिक वर्गांसाठी नियम असा की जेवणात दूध, प्रथिनं, धान्य आणि फळं-भाज्या असल्याच पाहिजेत, डब्यात काही कमी असेल तर शाळेने ते पुरवायचं. घरून आलं होतं टर्की-चीजचं सँडविच, केळं, चिप्स आणि सफरचंदाचा रस. मुलीने शेवटी खाल्ले ते शाळेने दिलेले चिकन नगेट. उणीव भरून काढायची, एवढाच नियमाचा हेतू होता. चार वर्षांच्या मुलीला त्यातून एवढंच कळलं की आईने दिलेलं चालत नाही.

शेंगदाण्याचा धागा या सगळ्यापासून वेगळा, आणि इथे नियमाचं वजनही वेगळं. चिप्स खाल्ल्याने कोणी दुपारी मरत नाही. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या बाबतीत तसं होऊ शकतं. अमेरिकेतल्या सर्वेक्षणांनुसार मुलांमधलं शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं प्रमाण १९९७ मध्ये ०.४ टक्के होतं, ते २००८ मध्ये १.४ टक्क्यांवर गेलं. याच काळात 'शेंगदाणामुक्त शाळा' ही पाटी अनेक देशांत दिसू लागली. कॅनडात ओंटारिओ प्रांताचा कायदा सब्रिना शॅनन या तेरा वर्षांच्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. २००३ मध्ये शाळेच्या कँटीनमधलं खाल्ल्यानंतर तिला तीव्र ॲलर्जी उठली आणि ती गेली. १ जानेवारी २००६ पासून लागू झालेल्या या कायद्याने प्रत्येक ॲलर्जीग्रस्त मुलासाठी लेखी योजना, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण आणि तातडीची तयारी बंधनकारक केली. कुठल्याही पदार्थावर बंदी घातली नाही. संशय दुग्धजन्य पदार्थाचा अंश लागल्याचा होता, शेंगदाण्याचा संबंध नव्हता, आणि तो डब्यातूनही आला नव्हता. तरी 'तसा कायदाच आहे' असं म्हणत बंद्या झाल्या त्या डब्यातल्या शेंगदाण्यावर.

बंदीमागची एक भीती वासाची होती. शेजारच्या मुलाने पीनट बटर खाल्लं तरी धोका, असं मानलं जाई. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी तीव्र ॲलर्जी असलेल्या ३० मुलांवर हे करून पाहिलं. पीनट बटर त्वचेला लावलं, नाकाजवळ धरलं. काहींना लावल्या जागी खाज-लाली आली, पण सर्वांगाला त्रास किंवा श्वासाची अडचण एकालाही झाली नाही. धोका पोटात जाण्याचा, आणि लहान मुलांच्या चिकट हातांमुळे तो खरा आहे, पण हवेतून येणारा नव्हे. मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांचा अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात घरून शेंगदाणे आणायला बंदी असलेल्या शाळांत एपिनेफ्रिनची, म्हणजे तीव्र ॲलर्जी उठल्यावर तातडीने द्यायची, इंजेक्शनं कमी द्यावी लागली असं दिसलं नाही. ॲलर्जीग्रस्त मुलांसाठी वेगळं टेबल असलेल्या शाळांत मात्र ती कमी होती. तान्ह्या मुलांना शेंगदाणा देऊच नका हा सल्लाही याच काळात उलटला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये दिलेला सल्ला २००८ मध्ये मागे घेतला, आणि २०१५ मध्ये लंडनच्या गिडियन लॅक यांच्या चमूने ६४० बाळांवरच्या प्रयोगातून दाखवलं की धोका जास्त असलेल्या बाळांनाही लवकर शेंगदाणा दिला तर ॲलर्जी खूपच कमी होते. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने शाळांना सांगितलं की सरसकट बंदीपेक्षा प्रशिक्षण आणि हाताशी इंजेक्शन यांवर भर द्या. म्हणून हल्ली 'ॲलर्जीबाबत सजग शाळा' असं लिहिलं जातं. पण मूल ज्या आईवडिलांचं आहे त्यांना सरासरीचे आकडे पुरत नाहीत, आणि चार वर्षांच्या मुलाकडून स्वतःची राखण अपेक्षित धरता येत नाही. एखादी शाळा बंदीच चालू ठेवते तेव्हा मला तिला हट्टी म्हणवत नाही.

कचऱ्याचा नियम सगळ्यांत अलीकडचा आणि सगळ्यांत कमी भांडणाचा. वेष्टन आणलं तर परत घरी न्या, एवढंच त्याचं स्वरूप. तो पाळला की पाकिटबंद खाऊ आपोआप कमी होतो, म्हणून काही शाळा आरोग्याचं काम त्याच्याकडून करून घेतात. पालकांच्या स्वयंपाकाला नावं न ठेवता काम होतं.

हा प्रश्नच नसलेले देशही आहेत. जपानच्या बहुतेक सार्वजनिक प्राथमिक शाळांत १९५४ च्या कायद्याखाली सगळी मुलं एकच जेवण जेवतात. फ्रान्समध्ये आज भोजनगृहात घरचं अन्न न्यायचं तर साधारणपणे ॲलर्जीसारखं वैद्यकीय कारण आणि शाळेबरोबर लेखी करार लागतो. दोन्हीकडे डबा गेला तो शाळेत रोज ताजं जेवण शिजू लागल्यावर, निव्वळ सूचनापत्रामुळे नव्हे.

इंग्लंडमध्ये सूचनापत्रं मात्र दहा वर्षं निघत राहिली. लीड्सच्या संशोधकांनी २०१६ मध्ये पुन्हा डबे उघडले. गोड पेयं आणि गोड खाऊ आधीपेक्षा कमी दिसला. भाजी किंवा सॅलड पाच डब्यांमागे एकातच होतं, जीवनसत्त्वांच्या बाबतीत डबे उलट मागे गेले होते, आणि सगळे निकष पूर्ण करणारे डबे होते १.६ टक्के.