जाड पट्टीच्या कडेला पडणारी भेग

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी घोडीवर (गाडी उचलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडवर) चढवली, की सांगलीतला जाणता मिस्त्री आधी बॅटरी मारून इंजिनखालचा आडवा तुकडा बघतो. हा पुढचा क्रॉस मेंबर. काहीजण त्याला सबफ्रेम म्हणतात. पुढच्या चाकांना बसणारा खड्ड्याचा प्रत्येक दणका इथे येऊन थांबतो. बऱ्याच गाड्यांत तिथे आधीच कुणीतरी वेल्डिंगने जाड लोखंडी पट्टी मारलेली असते, आणि नेमकी त्या पट्टीच्या कडेलाच भेग गेलेली असते. असं का होतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आपल्या भागाची लोखंडाशी ओळख झाली ती नांगरामुळे. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना उभा केला, तीच आजची किर्लोस्करवाडी. 1922 मध्ये साताऱ्यात धनजीशा कूपर यांनीही नांगराचा कारखाना काढला. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नांगराला जाडी लागतेच. पुढे साखर कारखाने आले, उसाच्या ट्रॉल्या आल्या, गावोगावी वेल्डिंगची दुकानं निघाली. ट्रॉलीचा चॅनल वाकला की त्यावर दुसरा चॅनल ठेवून वेल्डिंग मारायचं. जाड ते मजबूत, हा हिशेब इथल्या कारागिराच्या हातात तयार झाला तो असा, आणि ट्रॉलीसाठी तो बरोबरच आहे. जीप आणि ट्रकलाही खाली वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारा लोखंडी सांगाडा, असते, त्यामुळे तिथेही तो बराचसा चालून गेला.

फियाटची, म्हणजे पद्मिनीचीही, जात मात्र वेगळी. 1950 च्या ‘1400’ या मॉडेलपासून फियाटने चासी आणि बॉडी एक करायला सुरुवात केली. 1953 ची 1100 त्याच वाटेने आली. वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्यात बांधायला घेतली. 1964 मध्ये 1100 डिलाइट आली आणि 1974 मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. (सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय ते याच वालचंदांच्या नावाचं.) या गाडीची ताकद पत्रा कसा घडवलाय यात आहे. पंधरा किलोचा तेलाचा डबा उपडा ठेवला तर त्यावर माणूस उभा राहतो. तोच पत्रा कापून सरळ केला की हाताने वाकतो. क्रॉस मेंबर हा असाच दाबून, दुमडून, जोडून केलेला डबा आहे. दणका बसला की तो सगळाच्या सगळा किंचित लवतो आणि परत जागेवर येतो.

त्यावर सहा मिलीमीटरची पट्टी मारली की तेवढा भाग लवायचा थांबतो. सगळा ताण पट्टी जिथे संपते त्या रेषेवर गोळा होतो, आणि तिथला पत्रा वेल्डिंगच्या आचेने आधीच बदललेला असतो. पूर्वी गॅरेजमध्ये गॅसचं किंवा आर्कचं, म्हणजे विजेच्या ठिणगीचं, वेल्डिंग एवढंच होतं. गॅसची आच लांबपर्यंत पसरून पत्रा ओढला जायचा, आर्कने पातळ पत्र्याला भोक पडायचं. भोक पडू नये म्हणून आणखी जाड पट्टी, असं ते चक्र होतं. कार्बन डायऑक्साइड वापरून तारेने करायचं वेल्डिंग जगात 1950 च्या दशकातच आलं होतं, पण आपल्याकडच्या छोट्या गॅरेजपर्यंत पोचायला त्याला फार वर्षं लागली. त्या जुन्या मिस्त्रींना मी दोष देत नाही. हाताशी होतं त्यात त्यांनी गाड्या चालत्या ठेवल्या.

माझ्या मामांच्या पद्मिनीला याशिवाय पुराचाही मार बसला होता. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर आम्ही गाडी धुतली, इंजिन उघडलं, सीटा उन्हात टाकल्या. क्रॉस मेंबरच्या आत काय साचलंय हे मात्र कुणालाच सुचलं नाही. परवा तो खाली उतरवला, ग्राइंडरने जुनी पट्टी काढली आणि हातोडीने ठोकलं, तर आतून पसाभर वाळलेला गाळ सांडला. पट्टीच्या वेल्डिंगच्या टाक्याला लागून केसाएवढी भेग होती. आतला पत्रा बोटाने दाबला तर पापुद्रे सुटत होते.

या वेळी काम निवांत केलं. वेल्डिंगने आकार बिघडला का ते कळावं म्हणून आधी बोल्टांच्या भोकांचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर खडूने लिहिले. भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. कुजलेला भाग कापून तिथे मूळ पत्र्याच्याच जाडीचा तुकडा बसवला. वरच्या भरीच्या पट्टीची टोकं सरळ न कापता निमुळती केली, म्हणजे ताण एकाच रेषेवर गोळा होत नाही. टाके इंच-इंचाचे, एक डावीकडे तर पुढचा उजवीकडे, मध्ये हात लावून बघण्याइतपत थंड होऊ देत. अख्खी दुपार लागली. संध्याकाळी पुन्हा टेप लावला, कर्ण खडूच्या आकड्यांशी जुळले. मग तळाला पाणी निघून जायला दोन भोकं ठेवली आणि गंजू नये म्हणून आतून मेण मारलं.