रूट कॅनॉल: मुळात काय भरलं त्याआधी काय काढलं

रूट कॅनॉल म्हणजे दाताच्या मुळातल्या पोकळीतली (कॅनॉलमधली) नस काढून ती पोकळी साफ करून भरण्याचा उपचार. त्याच्या संशोधनाचा इतिहास वरवर चाळला तर तो भरण्याच्या पदार्थांचाच इतिहास वाटतो. सोन्याचा वर्ख, चांदीच्या काड्या, गटापर्चा (झाडाच्या चिकापासूनचा रबरासारखा पदार्थ), फॉर्माल्डिहाइड सोडणाऱ्या पेस्ट, सिमेंट. नवा पदार्थ आला की आता प्रश्न सुटला असा गाजावाजा होतोच. प्रत्यक्षात दात टिकणार की पुन्हा सुजणार हे बरंचसं भरण्याच्या आधीच ठरलेलं असतं, आणि हे प्रयोगातून पक्कं व्हायला १९६५ साल उजाडावं लागलं.

एकोणिसाव्या शतकात मुख्य काम होतं दुखणारी नस मारण्याचं. १८३६ पासून त्यासाठी आर्सेनिक वापरात आलं. नस त्याने मरायची, पण पोकळीतून बाहेर झिरपलं तर हिरडी आणि खालचं हाडही मरायचं. १८३८ मध्ये अमेरिकेत एडविन मेनार्ड यांनी घड्याळाच्या स्प्रिंगपासून मुळात घालायचं बारीक हत्यार बनवलं. आजच्या फाइलचं (कॅनॉल घासण्याच्या कानशीसारख्या हत्याराचं) ते मूळ. १८६४ मध्ये सॅनफर्ड बार्नम यांनी रबर डॅम आणला. भोक पाडलेलं रबराचं पातळ पान दातावर चढवलं की लाळ आत येत नाही आणि निसटलेलं हत्यार घशात जात नाही. गटापर्चा मुळात भरण्याचं श्रेय १८६७ च्या सुमारास बोमन यांना दिलं जातं. रबर डॅम आणि गटापर्चा दोन्ही आजही रोजच्या वापरात आहेत. डॅम न लावता काम करण्याची सवयही तितकीच जुनी आहे, आणि तिला आज कुठलंही समर्थन नाही.

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. १८९९ मध्ये एडमंड केल्स यांनी शिशाची तार मुळात घालून फोटो काढला आणि कॅनॉलची लांबी मोजता येते हे दाखवलं. पण त्याच फोटोंत मुळाच्या टोकाशी काळ्या सावल्याही दिसू लागल्या. १९१० मध्ये ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या भाषणात सडक्या मुळांवर बसवलेल्या सोन्याच्या कामांवर झोड उठवली. दातातला जंतुसंसर्ग शरीरभर रोग पसरवतो हा विचार त्यानंतर इतका फोफावला की मेलेल्या नसेचा दात दिसला की उपटायचा, असा शिरस्ता पडला. उपटलेल्या दातात जंतू सापडायचे, तोच पुरावा मानला जाई. १९३६ मध्ये फिश आणि मॅक्लीन यांनी त्यातली खोट दाखवली. दात उपटताना तो हलवला जातो, आणि त्या हलवण्यात हिरडीच्या खाचेतले जंतू आत ढकलले जातात. खाच आधी डागून घेतली तर निरोगी दातांच्या नसेत जंतू सापडत नव्हते.

दरम्यान झ्युरिकच्या वॉल्टर हेस यांनी मुळांमध्ये रबर दाबून घट्ट केलं, मग दात आम्लात विरघळवला. हाती आलेल्या साच्यात कॅनॉल सरळ नळीसारखे क्वचितच होते. फाटे, जाळी, आडवे पूल, टोकाशी अनेक तोंडं. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या गालाकडच्या मुळात बहुतेक वेळा दुसरा कॅनॉल असतो. तो शोधला नाही तर बाकीचे तीन कितीही सुबक भरा, त्या दाढेतला संसर्ग जागच्या जागी राहतो.

मग १९६५. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून नस तोंडात उघडी ठेवली. साध्या उंदरांची नस सडली, मुळाशी गळू झाले. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांची नस मात्र जिवंत राहिली. अन्नाचे कण आत अडकूनही तिने भोकावर दंतिनाचा (दाताच्या आतल्या कठीण थराचा) पूल बांधला. १९७६ मध्ये स्वीडनच्या सुंडक्विस्ट यांनी मार लागून नस मेलेले, पण वरून अखंड असलेले दात तपासले आणि मुळाशी हाड झिजलेल्या दातांतच जंतू आढळतात हे दाखवलं. नुसती मेलेली नस रोग करत नाही. तिथून प्रश्नच बदलला: कॅनॉलमधले जंतू कसे काढायचे?

उत्तर तसं आधीच हाताशी होतं. पहिल्या महायुद्धात जखमा धुण्यासाठी डेकिन यांनी ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट वापरलं होतं. १९३६ मध्ये वॉकर यांनी ते कॅनॉलसाठी सुचवलं, १९४१ मध्ये ग्रॉसमन यांनी त्याची पद्धत बसवली. आज ०.५ ते सुमारे ६ टक्क्यांपर्यंत वापरलं जातं. जंतू मारणं आणि मेलेला ऊतक विरघळवणं ही दोन्ही कामं एकटं करणारं दुसरं द्रावण अजून सापडलेलं नाही. फक्त ऊतकाशी गाठ पडली की त्यातला क्लोरिन लगेच खर्च होतो. म्हणून तीव्रता वाढवण्यापेक्षा ताजं द्रावण वारंवार घालणं जास्त उपयोगी.

बिघडतं ते द्रावण सोडणाऱ्या सुईपाशी. बाजूला तोंड असलेल्या सुईतून द्रावण टोकापुढे जेमतेम मिलिमीटरभर जातं, म्हणून ३० गेजची बारीक सुई कामाच्या लांबीपेक्षा (जिथपर्यंत कॅनॉल साफ करायचा त्या लांबीपेक्षा) १ ते २ मिमी अलीकडे न्यावी लागते. ती कॅनॉलमध्ये सैल असली पाहिजे. अडकलेल्या सुईतून जोर दिला तर हायपोक्लोराइट मुळाबाहेर फेकलं जातं आणि तत्क्षणी असह्य कळ, सूज, त्वचेखाली रक्तस्राव. दुसरी अडचण फाइलने घासताना भिंतीवर बसणाऱ्या भुग्याच्या थराची. नायगार्ड-ऑस्टबी यांनी १९५७ मध्ये आणलेलं ईडीटीए त्यातला खनिज भाग काढतं. १७ टक्के द्रावण शेवटी सुमारे मिनिटभर पुरतं. पण ईडीटीए हायपोक्लोराइटचा क्लोरिन मारतं, आणि क्लोरहेक्सिडीन हे दुसरं जंतुनाशक हायपोक्लोराइटमध्ये मिसळलं तर तपकिरी साका बसून दंतिनातल्या सूक्ष्म नलिका बुजतात. मधे सलाइनने धुणं टाळता येत नाही.

हत्यारांचं तर १९५० च्या दशकापर्यंत सगळंच मनमानी होतं: एका उत्पादकाची ३ नंबरची फाइल दुसऱ्याशी जुळायची नाही. इंगल आणि लेव्हाइन यांनी १९५८ मध्ये प्रमाणीकरण मांडलं. २५ नंबर म्हणजे टोकाशी ०.२५ मिमी, दर मिलिमीटरला ०.०२ मिमी जाडी वाढते, धारेचा भाग १६ मिमी. म्हणजे वरच्या टोकाला ०.५७ मिमी. या मोजणीत एक खोच राहिली. १० वरून १५ वर जाताना जाडी ५० टक्के वाढते, ५५ वरून ६० वर जाताना जेमतेम ९ टक्के. फाइल १५ वर अडकते, जोर लावला जातो आणि भिंतीत पायरी पडते, ती इथेच.

पोलादी फाइल जाड झाली की वाकड्या कॅनॉलमध्येही सरळच जाऊ पाहते. खालच्या दाढेच्या पुढच्या मुळाची आतली भिंत पातळ असते, तिथे भोक पडतं. १९८८ मध्ये वालिया आणि सहकाऱ्यांनी दात सरळ करण्याच्या निकेल-टायटॅनियम तारेपासून १५ नंबरची फाइल घडवली. ती पोलादापेक्षा दोन-तीन पट लवचीक निघाली. त्यातून मोटरवर फिरणाऱ्या फाइली आल्या, त्यांच्याबरोबर त्या तुटण्याचा प्रश्नही. टोक अडकून मागचा भाग फिरत राहिला तर पीळ आधी उलगडलेले दिसतात. वळणात फिरून थकलेली फाइल मात्र काहीही न दाखवता तुटते. म्हणून आधी हाताने १५ नंबरपर्यंत वाट करायची, टॉर्क (पिळण्याचा जोर) मर्यादित ठेवायचा, वळणात एका जागी थांबायचं नाही आणि अवघड दाढेनंतर फाइल टाकून द्यायची. एवढं करूनही पीटर्स आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या मायक्रो-सीटी (अतिसूक्ष्म त्रिमितीय एक्स-रे) अभ्यासात भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग कुठल्याच फाइलने शिवलेला नव्हता. धुण्यावर भर आहे तो यामुळेच.

भरण्याबद्दल थोडक्यात. चांदीच्या काड्या गोल, कॅनॉल लंबगोल. फटीत द्रव शिरून चांदी गंजली. जीपी पॉइंटमध्ये (गटापर्चाच्या तयार काडीत) खुद्द गटापर्चा सुमारे २० टक्केच असतो, बाकी बहुतांश झिंक ऑक्साइड. तो दंतिनाला चिकटत नाही, फट बुजवणारा सीलर लागतोच. शिल्डर यांनी १९६७ मध्ये तो गरम करून वरून दाबण्याची पद्धत मांडली. गटापर्चा थंड होताना आकसतो, म्हणून दाब सोडायचा नसतो. २००४ मध्ये चिकटणारा पर्याय म्हणून आलेला रेझिलॉन काही वर्षांत विघटित होऊ लागला आणि मागे पडला.

लोमा लिंडा विद्यापीठात तोराबिनेजाद यांच्या गटाने १९९३ मध्ये मांडलेलं एमटीए हे सिमेंट मुळाला पडलेलं भोक बुजवण्यासाठी होतं. त्यात सुमारे ७५ टक्के पोर्टलँड सिमेंट, २० टक्के बिस्मथ ऑक्साइड, ५ टक्के जिप्सम. ते ओलाव्यातच घट्ट होतं, त्यामुळे रक्त आणि स्रावाच्या जागी चालतं. पण वेळ तासांत लागतो आणि बिस्मथमुळे दात काळपट पडतो. पुढच्या सिमेंटांत म्हणून त्याऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड आलं.

त्याच कुळातले कॅल्शियम सिलिकेट सीलर आता एकाच जीपी पॉइंटबरोबर भरले जातात. दंतिनातल्या ओलाव्यावर ते घट्ट होतात, म्हणून पेपर पॉइंटने (कागदाच्या काडीने) कॅनॉल टिपायचा, पण ठणठणीत कोरडा करायचा नाही. अडचण येते पुन्हा उपचार करताना: घट्ट झालेला हा सीलर क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकांना दाद देत नाही. पॉइंट टोकापासून ३ मिमी वर थांबला असेल, तर खालच्या सीलरमधून वाट काढणं बऱ्याचदा जमतच नाही. म्हणून पॉइंट पूर्ण लांबीला बसलाय का हे सीलर घालण्याआधीच एक्स-रेवर पाहून घ्यावं लागतं.