लायकोसा की पार्डोसा? भातातल्या लांडगा कोळ्याच्या नावामागचा इतिहास

आजरा, चंदगड, राधानगरी, गगनबावडा या पट्ट्यात रोपलागण उरकली की थोड्याच दिवसांत खाचरातल्या पाण्यावरून आणि चुडांच्या बुडाशी एक करडा-तपकिरी कोळी पळताना दिसू लागतो. मादीचं अंग जेमतेम सेंटिमीटरभर. हा जाळं विणत नाही, धावून झडप घालतो. भातावरच्या जुन्या मित्रकीटक पुस्तिकांत तो ‘लायकोसा’ म्हणून छापलेला असतो, नव्या शोधनिबंधांत तो ‘पार्डोसा स्यूडोअन्युलाटा’ असतो आणि १९८० चा भारतीय संदर्भग्रंथ उघडला तर ‘पार्डोसा अन्नांडेली’. प्राणी एकच आहे. तालुक्याची कोळ्यांची यादी करताना हे ठाऊक नसलं की एकच जाती दोनदा मोजली जाते.

कोळ्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात स्वीडनच्या कार्ल क्लर्कपासून धरतात. त्याचं पुस्तक १७५७ चं, म्हणजे लिनियसच्या प्राण्यांच्या नावांच्या पुस्तकाच्या १७५८ च्या आवृत्तीच्या एक वर्ष आधीचं. प्राणिशास्त्रातली बाकी सगळी नावं १७५८ पासून मोजली जातात. कोळ्यांना तेवढी एका वर्षाची सवलत आहे. लिनियसने इटलीतल्या तारांतोकडच्या कोळ्याला ‘टॅरँट्युला’ हे नाव दिलं. तो लांडगा कोळी होता. आज टॅरँट्युला म्हणून पाळले जाणारे मोठे केसाळ कोळी वेगळ्याच शाखेतले आहेत: त्यांचे विषदंत वरून खाली, एकमेकांना समांतर चालतात, तर लांडगा कोळ्याचे चिमट्यासारखे आडवे मिटतात. लात्रेयने १८०४ मध्ये लायकोसा ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) मांडली, सुंदेवालने १८३३ मध्ये लांडगा कोळ्यांचं लायकोसिडी हे कुल (जवळच्या प्रजातींचा गट) उभं केलं आणि सी. एल. कोखने १८४७ मध्ये पार्डोसा वेगळी काढली.

आपल्या भातातल्या कोळ्याला नाव मिळालं ते जपानच्या नमुन्यांवरून. बोझेनबर्ग आणि स्ट्रांड यांच्या १९०६ च्या जपानी कोळ्यांवरील ग्रंथात तो ‘टॅरेंट्युला स्यूडोअन्युलाटा’ म्हणून आला. पुढे १९२४ मध्ये फ्रेडरिक ग्रेव्हली यांनी भारतातल्या लायकोसिडींवर निबंध लिहिला आणि त्यात ‘लायकोसा अन्नांडेली’ ही जाती नवी म्हणून दिली. टिकादर आणि मल्होत्रा यांनी १९८० मध्ये ‘फॉना ऑफ इंडिया’ मालेत या कुलाचा खंड काढला, त्यात ती पार्डोसाखाली गेली. नंतर लक्षात आलं की ग्रेव्हलींची जाती म्हणजे जपानचीच जाती. जुन्या नावाचा हक्क पहिला, म्हणून अन्नांडेली हे नाव मागे पडलं. जातीच्या नावापुढे बोझेनबर्ग व स्ट्रांड कंसात छापलेले दिसतात. त्या कंसाचा अर्थ एवढाच की त्यांनी ही जाती दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती.

इतका घोळ का झाला, याचं उत्तर कोळ्याच्या अंगरचनेत आहे.

लांडगा कोळी ओळखायला डोळे पुरतात. आठ डोळे तीन ओळींत: पुढे खाली चार बारीक, त्यांच्यावर दोन मोठे, मागे शिरोवक्षाच्या (डोकं आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागाच्या) उतारावर आणखी दोन. पुढच्या ओळीतले मधले दोन सोडले तर बाकी डोळ्यांत प्रकाश परतवणारा पडदा असतो. रात्री बांधावर विजेरी कपाळाला बांधून पाहिलं तर हिरवट-निळसर ठिपके चमकतात. विजेरी कमरेजवळ धरली तर काही दिसत नाही, कारण प्रकाश आला त्याच वाटेने परत जातो. दवाचे थेंबही चमकतात, पण पांढरे, आणि ते जागा बदलत नाहीत.

दुसरी खूण अंडकोशाची. मादी तो पोटाच्या टोकाला, तंतू काढणाऱ्या अवयवांना चिकटवून वाहते. पाण्याकाठी राहणारे पिसॉरिडी कुलातले कोळी दिसायला जवळचे, पण ते अंडकोश जबड्यात धरतात. लांडगा कोळ्याचा अंडकोश दोन चकत्या कडेने शिवल्यासारखा असतो आणि भिंगातून ती शिवण फिकट रेघेसारखी दिसते. पिल्लं तयार झाली की मादीच जबड्याने ती शिवण उसवते आणि पिल्लं तिच्या पायांवरून चढून पाठीवर बसतात. पोटावरच्या खास केसांना ती धरून असतात, म्हणून आई पळाली तरी पडत नाहीत. भाताच्या पुस्तिकांत या जातीसाठी साठ ते ऐंशी पिल्लांचा आणि दिवसाला ५ ते १५ भक्ष्यांचा आकडा दिलेला असतो. तपकिरी तुडतुड्यांवर त्याचा भर आहे. या कोळ्याचा जोर असताना सरसकट कीटकनाशक मारलं की आधी हा मरतो, आणि तुडतुडे नंतर जास्त उसळतात.

पण डोळे आणि अंडकोश फक्त कुल सांगतात. कुलात जगभरात सुमारे २,४०० जाती आहेत आणि डोळ्यांची मांडणी जवळजवळ सगळ्यांची तीच. रंगावर भिस्त ठेवावी तर तोही फसवतो. या जातीच्या शिरोवक्षावर दुफाटा फिकट पट्टा असतो, पण तो कुणावर ठळक, कुणावर पुसट, आणि अल्कोहोलमध्ये रंग उतरतो. कार्ल रोएवर या जर्मन अभ्यासकाने १९५०-६० च्या दशकांत डोळे, काटे आणि रंग यांवरून कुलात प्रजातींची रास उभी केली. जननेंद्रियं तपासल्यावर त्यातल्या बऱ्याच मोडीत निघाल्या. आमच्या मते या कुलाच्या इतिहासातलं सर्वांत महागडं आडवळण हेच.

निर्णय होतो तो दोन ठिकाणी. मादीच्या पोटाखाली, पुढच्या बाजूला, एपिजायन नावाची कठीण चकती असते. तिच्या मधल्या पट्टीचा आकार पाहायचा. नराच्या तोंडाजवळच्या पाल्पचं (पायासारख्या छोट्या अवयवाचं) टोक फुगीर असतं आणि त्यात शुक्रजंतू पोहोचवणारी नळी व आजूबाजूची आकडेवजा टोकं असतात. नातलग कुलांत पाल्पच्या नळीसारख्या पेऱ्यावर बाहेरच्या बाजूला एक काटा असतो. लायकोसिडीत तो नाही. डॉन्डेलने १९८६ मध्ये या नरपाल्पच्या आधारे कुलाची पाच उपकुलं केली. आता डीएनएने त्यात फेरफार होत आहेत. बांधावर आणि हिरवळीवर नरसाळ्याचं जाळं घालणाऱ्या हिप्पासाला कुठे बसवायचं, यावर मतं बदलत राहिली. जाळं विणणारा लांडगा कोळी म्हणून तो मुळातच अडचणीचा.

नमुना घेताना प्रौढच घ्यावा. शेवटची कात टाकण्याआधीच्या मादीत एपिजायनच्या जागी नुसता गडद डाग असतो आणि नवखे त्यालाच आकार समजतात. अपुऱ्या वाढीच्या नराचा पाल्प फुगलेला पण गुळगुळीत असतो; त्यावरून जाती सांगता येत नाही. ७० ते ८० टक्के इथाइल अल्कोहोल वापरावं, कारण फॉर्मलिनने अंग कडक होतं आणि पाय मोडतात. खाचरातल्या मादीची चकती बऱ्याचदा चिखलाने भरलेली असते, ती आधी बारीक कुंचल्याने साफ करावी. आतली रचना पाहायची तर चकती सुईने सोडवून लवंगतेलात किंवा लॅक्टिक ॲसिडमध्ये ठेवावी. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड लवकर काम करतं, पण लक्ष नसलं तर ऊती खाऊन चकतीच विरघळल्यासारखी होते. नराचा डावा पाल्प काढण्याची रीत आहे, म्हणजे चित्रांशी तुलना सरळ जमते. चिठ्ठी पेन्सिलने लिहून कुपीच्या आत टाकावी. पेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते.

मसाई पठारासारख्या उघड्या सड्यावर या कुलाचे कोळी भरपूर, दाट छायेच्या जंगलात त्या मानाने कमी. सड्यावरचे मोठे नमुने जुन्या पुस्तकांनुसार ‘लायकोसा’त जातात, पण खरी लायकोसा प्रजाती भूमध्य समुद्राभोवतीची, असं मत आता पक्कं होत चाललं आहे. म्हणजे लायकोसा पूनाएन्सिस, लायकोसा महाबळेश्वरेन्सिस यांसारख्या १९८० च्या खंडातल्या नावांचाही पत्ता बदलू शकतो. यादीत नाव लिहिताना सोबत एपिजायनचा किंवा पाल्पचा फोटो आणि नमुना कुठल्या संग्रहात ठेवला त्याचा क्रमांक द्यावा. प्रजाती बदलली तरी नोंद वाया जात नाही.